साक्षीला काही होत नाही

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कोकिळा भोयर कापसाच्या ढिगापाशी मांडी घालून बसली होती. हात चालू होते आणि डोकं तापलेलं होतं. आर्णीच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या या जिनिंगमध्ये ती सोळा वर्षं कवडी वेचते आहे. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. तो पांढऱ्यात राहिला तर रुईला, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाला, डाग लागतो. म्हणून कापूस मशीनवर जाण्याआधी बायका ढिगाभोवती बसतात आणि कवडी, पाला, प्लास्टिकच्या दोऱ्या, कोणाच्या तरी डोक्यातले केस असं सगळं बाजूला काढतात. या कामात तोंड मोकळं असतं, त्यामुळे ढिगाभोवती सतत गलका असतो. त्या सकाळी कोकिळाशी कोणी बोलत नव्हतं.

बोलला तो सुपरवायझर प्रफुल्ल गावंडे. मोबाइल पाहत तो ढिगाजवळून गेला, मग दोन पावलं मागे आला.

"काय साक्षीबाई, समाधी लागली काय?"

चार बायका हसल्या. हसणं भाग होतं, हजेरी तोच लावतो.

"लागली असती," कोकिळा मान वर न करता म्हणाली, "पन मधात तू बोलला."

"उद्या सुट्टी पाहिजे म्हणे तुमाले."

"म्हणे कायले? कोर्टानं बोलावलं. तुलेबी बोलावलंच असंन."

हसणं थांबलं. प्रफुल्लने मोबाइल खिशात घातला, पुन्हा काढला आणि वजनकाट्याकडे निघून गेला.

उद्या कोकिळाला एकच गोष्ट सांगायची आहे. दोन हंगामांपूर्वी हिरवं बटण कोणी दाबलं, एवढीच. सरकी वेगळी करणाऱ्या जिन मशीनच्या रांगेखाली सिमेंटची नाली आहे. तिच्यात लांब लोखंडी स्क्रू फिरतो आणि कापसातून निघालेली सरकी पुढे ढकलतो. नालीवर जाळी असते. त्या दिवशी जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, कारण नाली सारखी तुंबत होती आणि दर वेळी जाळी उचलायला वेळ जात होता. तसा हुकूम प्रफुल्लचा होता. मशीन बंद करून उकंडा नावाचा मजूर नालीत हात घालून सरकी मोकळी करत होता. बाहेर ट्रक उभे होते. प्रफुल्ल बटणांच्या बोर्डापाशी आला, "झालं का रे" असं ओरडला आणि उत्तराची वाट न पाहता त्याने बटण दाबलं. उकंडाचा उजवा हात कोपराच्या खालून गेला.

बोर्डाला लागून पाण्याचा माठ आहे. कोकिळा तिथे पाणी प्यायला गेली होती. दुसरं कोणी तिथे नव्हतं.

जिनिंगचं म्हणणं असं की उकंडा पिऊन आला होता आणि बटण त्यानेच दाबलं. नालीत वाकलेल्या माणसाने दहा हात दूरचं बटण कसं दाबलं, हे जिनिंगने सांगितलेलं नाही.

तेव्हा कोकिळाला भीती वाटत होती. आता तिला राग येतो. भीतीपासून रागापर्यंतचा हा रस्ता एका देवळातून गेला, आणि तोही चुकून.

जबाब लिहून घेणारा हवालदार जाता जाता म्हणाला होता, "बाई, तुम्हीच मुख्य साक्षीदार. आता बदलायचं नाही." त्यानंतर आठवडाभराने मोटरसायकलवरच्या एका अनोळखी माणसाने तिच्या नवऱ्याला, बबनरावांना, पानठेल्यावर गाठलं. "वहिनीले सांभाळा भाऊ," तो म्हणाला, "साक्षीदाराचं काहीबाही होत राह्यते." एवढंच बोलून त्याने सुपारी तोंडात टाकली. तेव्हापासून कोकिळा रात्री दाराला आतून पाटा लावून झोपायची. झोपायची म्हणजे पडून राहायची.

अशाच दिवसांत एका रविवारी संध्याकाळी ती भाजी घेऊन महादेवाच्या देवळावरून येत होती. देवळाच्या भोंग्यातून एक शांत, मास्तरी आवाज येत होता.

"साक्षीला काही होत नाही. देहाला होतं, मनाला होतं. साक्षीला कोणी मारू शकत नाही. साक्षीला कोणी फोडू शकत नाही. साक्षी कधी बदलत नाही. आणि तो साक्षी तुम्ही आहात."

कोकिळा रस्त्यातच थांबली. आपल्या केसची बातमी भोंग्यावर कशी गेली, हे तिला कळेना. पण सांगणारा माणूस आपल्या बाजूचा होता, आणि दोन महिन्यांत असं बोलणारं पहिलंच कोणी भेटलं होतं. तिने चपला काढल्या, वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली, आणि शंका असेल तर विचारा असं म्हटल्याबरोबर उभी राहिली.

"गुरुजी, ते साक्षीले काही होत नाही म्हणता, त्याच्यासाठी अर्ज कुठं द्याव लागते? पोलिसात का कोर्टात?"

मंडप हसला. एक गृहस्थ तर चष्मा काढून डोळे पुसू लागले. सांगणारे पंजाबराव गुरुजी मात्र हसले नाहीत. हायस्कुलातून निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी इथे वेदान्ताचा वर्ग घेतात. त्यांनी विचारलं, कोणती केस? तिने सांगितलं. मंडपातलं हसू विरलं.

"बाई, मी वेगळ्या साक्षीबद्दल बोलत होतो," गुरुजी म्हणाले. "पण बसा."

त्या "बसा"मुळे ती पुढच्या रविवारीही गेली.

कोकिळाच्या घरात देव होते, वेदान्त नव्हता. सोमवारचा उपास, नवरात्रातले घट, पोर आजारी पडलं की नारळ. देवाकडे काहीतरी मागायचं आणि मिळालं की फेडायचं, हा तिचा धर्म. इथे मागायलाच कोणी नव्हतं, हे तिला आधी विचित्र वाटलं. गुरुजी म्हणायचे, डोळ्याला कापूस दिसतो, डोळा दुखतो हे मनाला दिसतं, मन दुखतं हे कोणाला दिसतं? जे दिसतं ते तुम्ही नाही, ज्याला दिसतं ते तुम्ही. ती मांडी बदलायची आणि विचारायची.

"मंग राग दिसते तं राग मी नाही. बराबर?"

"बरोबर."

"मंग येते कोनाले?"

"हा प्रश्न घेऊन आठवडाभर राहा. उत्तर घाईनं देऊ नका."

ती राहायची. ढिगाशी बसल्या बसल्या तिला कापूस दिसायचा, बोटं दिसायची, शेजारणीचा टोमणा ऐकू यायचा, त्यावर आलेला राग छातीत वर चढताना दिसायचा आणि कधीकधी, दोन श्वासांपुरतं, तो चढू देणारी एक मोकळी जागा जाणवायची. याचं नाव काय ते तिला ठाऊक नव्हतं. घरी बबनराव म्हणायचे, "आमच्याकडं ब्रह्म आलं अन् भाजी करपून राह्यली." भाजी खरंच दोनदा करपली. पण पावसाळा संपता संपता तिने दाराचा पाटा उचलून चुलीजवळ नेला आणि पाय ताणून झोपली. ज्याला फळ म्हणता येईल असं तिला मिळालं ते हे.

वर्गाच्या सतरंज्या घालणं, प्रसाद करणं, बायकांना ओळीत बसवणं हे सगळं शीलाताई गावंडे पाहायच्या. त्या प्रफुल्लच्या आई. पहिल्या दिवशी दोघींनी एकमेकींना ओळखलं आणि दोघी काही बोलल्या नाहीत. पुढे शीलाताईंनीच तिला पुढच्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं, स्तोत्र पाठ करून घेतलं, ती तापाने पडली तेव्हा डबा पाठवला. दीड वर्ष दोघी एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसल्या आणि प्रफुल्लचं नाव दोघींपैकी एकीनेही काढलं नाही. कोकिळाला वाटायचं, ही बाई खरी साधक. पोटच्या पोराच्या विरोधात उभी राहणारी बाई शेजारी बसली आहे, तरी हिच्या डोळ्यांत वाकडं काही नाही.

काल, रविवारी, हे वाटणं संपलं.

वर्ग सुटल्यावर शीलाताईंनी शिऱ्याचा द्रोण तिच्या हातात ठेवला आणि तिचा हात धरूनच ठेवला.

"कोकिळे, परवा तुझी साक्ष आहे ना?"

"हाव ताई."

"गुरुजी काय शिकवतात आपल्याला? साक्षी काही करतो का?"

"नाही करत."

"बोलतो?"

कोकिळा द्रोणातल्या शिऱ्याकडे पाहू लागली.

"फक्त पाहतो. तू पाहिलंस. तुझं काम तिथंच झालं. परवा एवढंच म्हण, रुईची धूळ होती, नीट दिसलं नाही. कर्तेपण अंगावर घेऊ नको गं. कर्तेपण घेतलं की बंधन आलंच, हेच तर ऐकतो ना आपण?"

"ताई, उकंडाचा हात गेला."

"हात देहाचा. उकंडा म्हणजे काय हात आहे का? आणि खोलात जाऊन पाहिलं तर कोण उकंडा आणि कोण प्रफुल्ल? सगळं एकच तर आहे."

कोकिळाने आपला हात सोडवून घेतला.

"एकच हाय तं मंग हात एकाचाच कसा गेला?"

"हळू बोल. लोक आहेत."

"असू द्या. एकच हाय न सगळं? मंग प्रफुल्लले सांगा, उद्यापासून उकंडाच्या घरी जाय अन् आपल्या हातानं त्याले भात चार. दोन टाईम. हात एकच हाय म्हणा."

सतरंज्या गुंडाळणाऱ्या बायका तशाच वाकून राहिल्या. शीलाताईंचा चेहरा उतरला आणि त्या पायरीवर बसून रडू लागल्या. "मी आई आहे त्याची," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांचा आहे. जेलात गेला तर काय उरेल त्याचं?"

"हे बोला न ताई!" कोकिळाचा आवाज फाटला. "हे बोलल्या असत्या तं मी तुमच्यासंगं रडली असती. हात जोडून नाही म्हटलं असतं, पन रडली असती. वेदान्त कायले मधात आनता?"

मग ती गुरुजींकडे वळली. ते व्यासपीठावर उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"गुरुजी, तुमी सांगा. असंच हाय काय?"

पंजाबरावांनी शालीची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

"हा व्यवहारातला प्रश्न आहे," ते म्हणाले. "मी त्यात पडत नाही. मी इथं फक्त शिकवतो."

कोकिळाने द्रोण पायरीवर ठेवला आणि चालती झाली. शीलाताईंचा तिला राग आला होता, पण तो कळण्यासारखा होता. आईने पोरासाठी खोटं बोलायला लावावं, यात नवीन काही नाही. दीड वर्ष जे तिने रोज थोडं थोडं, ढिगाशी बसून, स्वतःच्या छातीत तपासून घेतलं होतं, तेच कोणीतरी उचलून तिच्या तोंडात बोळा म्हणून कोंबत होतं, आणि ज्याने ते दिलं तो माणूस शालीची घडी घालत होता. हा राग रात्रभर गेला नाही. सोमवारी ढिगाशीही गेला नाही. दुपारी भाकर खाताना जिनिंगच्या शेठचा माणूस येऊन म्हणाला, "कोकिळाबाई, विचार करा, पुढच्या हंगामात मुकादमीण पाहिजे आमाले." ती म्हणाली, "पाह्यजे तं ठेवा. साक्ष झाल्यावर ठेवा."

पाळी सुटल्यावर ती घरी गेली नाही. अंगावर रुई तशीच, ती थेट पंजाबरावांच्या फाटकाशी उभी राहिली. ते नळी धरून मोगऱ्याला पाणी घालत होते.

"मी भांडाले आली गुरुजी."

"या. चहा घेता?"

"चहा मंग. पहिले सांगा, साक्षी खोटं पाह्यते काय?"

"नाही. समोर येतं ते तसंच दिसतं. आरशाला जसं..."

"आरसा राहू द्या. आपल्या मानसाचं असलं म्हणून थोडं इकडचं तिकडं पाह्यते काय?"

"साक्षीला आपलं परकं नसतं."

"शीलाताई मले बहिणीवानी हायेत. साक्षीले बहीण असते?"

गुरुजींनी नळ बंद केला. "नसते," ते म्हणाले.

"मंग हे काल काहून नाही सांगतलं? तुमच्याच तोंडचे शब्द घेऊन ताई मले खोटं बोलाले लावून राह्यल्या होत्या, अन् तुमी घडी घालून राह्यले होते!"

"शीलाताई दुःखात होत्या. त्या क्षणी त्यांना चारचौघांत..."

"अन् उकंडा कशात हाय?"

पंजाबराव ओट्यावर बसले. त्यांनी तिलाही बसायला सांगितलं, ती उभीच राहिली. मग ते जे बोलले ते बचावासाठी नव्हतं. वर्गात बोलायचे तसंच, शब्द तोलून होतं.

"काल मी बोलायला हवं होतं. पण एक सांगतो, पटलं तर घ्या. तुम्ही आत्ता रागानं थरथरता आहात. रागानं दिलेली साक्ष ही साक्ष राहत नाही, तो सूड होतो. आधी राग जाऊ द्या. मग जे दिसेल ते बोला."

या वाक्याशी कोकिळा अडली. ते चुकीचं नव्हतं. याच माणसाकडून ती राग पाहायला शिकली होती, आणि राग समोर उभा होता, मावळायचं नाव घेत नव्हता. सकाळी अकरापर्यंत तो जाणार नाही, हे तिला कळत होतं. मग काय करायचं? शांत होण्याची वाट पाहायची? तारीख पुढे ढकलायची? शेठला, प्रफुल्लला, शीलाताईला तेच हवं होतं.

ती ओट्यावर टेकली. डोळे मिटले नाहीत. समोर मोगऱ्याच्या आळ्यात पाणी जिरत होतं. तिने माठापासून सुरुवात केली. माठावरचं ॲल्युमिनियमचं झाकण. वगराळ्यातलं पाणी. डाव्या हाताला बोर्ड. बोर्डाकडे आलेला हात, मनगटावर लाल धागा. "झालं का रे." हिरवं बटण. मग तो आवाज, जो उकंडाचा होता हे तिला थोड्या वेळाने कळलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "राग काल आला. बटन दोन वर्षांआधी दाबलं."

पंजाबराव पाहत राहिले.

"त्या टायमाले मले राग नव्हता. प्रफुल्लचा नाही, कोनाचाच नाही. मले तहान लागली होती. पानी प्याले गेलती मी. आता राग हाय तं असू द्या. थो बी दिसून राह्यला. पन पाह्यलं ते रागाच्या आधीचं हाय. त्याले आता हात लावता येत नाही. ना मले, ना ताईले, ना तुमाले."

पंजाबरावांनी मान हलवली. या वेळी त्यांच्या हातात घडी घालायला काही नव्हतं.

"साक्षी बोलत नाही म्हणे," कोकिळा उठत म्हणाली. "नसंन बोलत. तोंड मले देल्लं हाय, मी बोलीन. रविवारी वर्गाले येईन. तुमच्यासाठी नाही येत, जे सांगता त्याच्यासाठी येतो मी."

"शीलाताई असतील तिथं."

"सतरंजी काय त्यायची एकटीची हाय?"

चहा झाला होता. तिने उभ्यानेच घेतला आणि साखर कमी पडल्याचं सांगून कप परत दिला.

घरी बबनराव दारातच भेटले. त्यांचा मालवाहू ऑटो जिनिंगची सरकी तेलघाणीवर नेतो. आज फोन आला होता: उद्यापासून दुसरा ऑटो लावलाय.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "तू वेदान्त शिकली का वकिली?"

"जे शिकली ते शिकली. तुमी हळू बोला, पोरं अभ्यास करून राह्यले."

"पोरांले काय खाऊ घालशीन, ब्रह्म?"

"आजच्याले वांगे हायेत."

"मी येत नाही उद्या. आधीच सांगून ठेवतो."

"मी बोलावलं काय?"

बबनराव ऑटोच्या चाकाला उगीच लाथ मारून बाजेवर जाऊन बसले. कोकिळाने केसांतली रुई झटकली, चूल पेटवली, वांगी चिरली. तिचा राग अजून होता. भाजीला फोडणी जोरात बसली. जेवणं झाली, ताटं घासून झाली, तेव्हा बाजेवरून आवाज आला.

"पायदळ जाशीन एवढं?"

"जाईन."

"साडेदहाले निघू. ऑटो तसाबी रिकामाच हाय."

धुतलेलं लुगडं दोरीवरून काढून तिने घडी केली आणि उशाशी ठेवलं.

उद्या मंगळवार. जिनिंगची पाळी साडेसातला लागते. कोर्ट अकराला बसतं, आणि साक्षीदाराचं नाव शिपाई दारात उभा राहून तीनदा पुकारतो.